बुंध्याशी पहिलं पाणी

सुनेनं सासूचं मनगट धरावं, असं आमच्या घरात आजवर कधी झालं नव्हतं. माझे सासरे बापूजी गेले, मागून माझे मालक नानाजी गेले, वाटणीच्या गोष्टी निघाल्या अन् विझल्या, चंपत आणि विश्वनाथ या माझ्या दोन पोरांनी अख्खा उन्हाळा एकमेकांशी अबोला धरला. पण माझ्या हाताला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. ती धाकट्या सुनेची झाली. तेही पहिल्या पाण्याच्या दिवशी, माझ्या हातात भरलेला कलश, आणि सगळं घर पहिल्या झाडाभोवती उभं असताना.

संत्री सीताबर्डीच्या हातगाड्यांवर पिकतात असं ज्यांना वाटतं, त्यांना पहिलं पाणी म्हणजे काय ते सांगावं लागतं. थंडीत झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण म्हणतात. पानं लुळी पडतात, झाडाचा जीव कासावीस होतो, आणि मरायच्या भीतीनंच ते फुलायच्या तयारीला लागतं. संक्रांत झाली की एक दिवस ठरवून पाणी सोडायचं. मग आंबिया बहार असा फुटतो की पार बेसा गावाच्या शिवेवरून वास येतो. तो बहार हुकला की सालाचं फळ हुकलं. आमच्या बगीच्यात त्या दिवशी घरातली सगळ्यांत मोठी बाई पहिल्या झाडाच्या बुंध्याशी कलशभर पाणी टाकते, आणि मगच मोटार सुरू होते. माझी सासू टाकायची, तिच्यामागून मी. विधवेनं कलश धरावा का, असं कुणीतरी कुजबुजलं होतं म्हणे. माझ्यापुढे येऊन नाही कुजबुजलं.

"आई, थांबा," अरुंधती म्हणाली. "बुंध्याशी नका टाकू. या पाण्यानंच झाड मरतंय."

अर्धा कलश माझ्या पायावर सांडला. जानेवारीचं पाणी, टाचेपासून डोक्यापर्यंत गारठा गेला. त्याच्यामागून राग चढला.

"सोड," मी म्हटलं.

तिनं सोडलं. पण मागं नाही सरली. नागपुरातल्या महाल भागातल्या कारकुनाची लेक, शेतकी कॉलेजात झाडांच्या रोगांचं शिकून तिथंच नोकरीला लागलेली. मागच्या साली ग्रहणाच्या दिवशी अख्खं नागपूर दारं लावून बसलं, तेव्हा हीच आमच्या अंगणात पुठ्ठ्याला भोक पाडून जमिनीवर सूर्याची कोर पाहत उभी होती. तेव्हाच मी विश्वनाथाला म्हटलं होतं, ही कुठं ना कुठं हात घालणार. आज तिनं दुसऱ्या हातात एक लाकडी पेटी आणली होती. पूजेच्या दिवशी लोक नारळ आणतात.

"विश्वा," चंपत ओरडला. थोरला माझा चंपत, बगीचा तोच पाहतो. जेठानं, म्हणजे थोरल्या दिरानं, धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, म्हणून त्याचा सगळा राग भावाच्या कानावरून जातो. "सांग तिले, दुपारी लाईन जाते. मोटार बंद पडली तं मंग फुलं काय तिच्या पेटीतून आणायची का गा?"

विश्वनाथानं बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे, मग चपलेकडे. माझा हा पोरगा भांडण दिसलं की चपलेचा अंगठा तपासतो.

बोलले ते महादेवराव. माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा हाफपँटमध्ये होते, आता शेती खात्यात मोठे साहेब, निवृत्तीला आलेले. जीपनं आले होते. खुर्ची झाडाच्या सावलीत टाकून बसले होते, कारण दरसाली तेच तिथं बसतात.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "हे आळं कोणी बांधलं, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे, काकाजी. तुम्ही."

"बुंध्याला मातीची भर कोणी द्यायला लावली?"

"तुम्हीच."

"आणि काहून दिली, तेही माहीत असेलच."

आता इथं मला थांबून जुनं सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल महादेवराव म्हणजे नुसता खुर्चीतला अडेल माणूस. तसे ते नाहीत.

हे पहिलं झाड नानाजींनी आमच्या लग्नाच्या साली लावलं. पुढं त्याच्याच डोळ्यांवरून, म्हणजे त्याच्या फांदीवरचे अंकुर काढून जंबेरी लिंबाच्या रोपांवर बांधून, सगळा बगीचा केला. काही सालांनी झाड पिवळं पडायला लागलं. पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, शेंडे वाळलेले. बापूजी म्हणाले, नजर लागली. काळी बाहुली टांगली, जुनी चप्पल टांगली, बुंध्याशी कोंबडं पुरलं. झाड पिवळंच. तेव्हा महादेव कॉलेजात शिकत होता. सुट्टीत आला आणि म्हणाला, झाडाला नजर नाही लागली, भूक लागली आहे, जस्त कमी पडलं आहे. बापूजींनी विचारलं, झाड काय भांडं आहे का जस्ताचं? पोरगा ऐकेना. पण सगळ्या झाडावर औषध मारू देईनात, तेव्हा त्यानं एक फांदी मागितली. एकच फांदी. तिच्यावर पिचकारीनं पांढरं पाणी मारलं. बापूजी त्याच्याशी बोलायचे बंद झाले. ताटावर बसले की त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

आणि मग नवी पालवी आली. सगळं झाड पिवळं, आणि त्यात एक फांदी हिरवीगार. जणू दुसऱ्याच कुणाच्या झाडाची आणून बांधली आहे. मी तेव्हा चंपतला पोटात घेऊन त्या झाडाखाली उभी राहिले होते. वर पाहता पाहता मान दुखली, पण नजर हलेना. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला चव नाही, असं काहीतरी त्या पोरानं झाडाच्या आत पाहिलं होतं. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण त्या दिवशी मला कळलं की शिकणं म्हणजे काय असतं.

बापूजी सकाळी एकटे गेले, ती फांदी हातात धरून उभे राहिले, आणि घरी येऊन म्हणाले, "महादू, बाकीच्या झाडाले पण मार." एवढंच. बाहुली त्यांनी स्वतःच सोडली.

त्याच महादेवनं पुढं सांगितलं की भुकेल्या मुळ्यांना माती-शेणखताची भर बुंध्यापर्यंत द्या, पाणी बुंध्यापर्यंत भिडू द्या. आम्ही दिली. आम्हीच काय, त्यांच्या शब्दावर किती गावांनी दिली.

"काहून दिली ते माहीत आहे, काकाजी," अरुंधती म्हणाली. "जस्ताचं तुमचं बरोबरच होतं. अजूनही आहे. पण आता झाड जातंय ते भुकेनं नाही. डिंक्या रोगानं जातंय. आणि डिंक्या भर दिलेल्या ओल्या मातीतून वर चढतो."

"कोण म्हणतं?"

"आमच्या कॉलेजात..."

"तुमच्या कॉलेजात मी तुमच्या जन्माआधी शिकलो आहे."

"वहिनी," महादेवराव माझ्याकडे वळले, "कलश टाका. लेकराचं बोलणं आहे."

खरं सांगते, टाकलाच असता. हट्टानं टाकला असता. पण 'लेकराचं बोलणं' हे शब्द मी याआधी ऐकले होते. बापूजींच्या तोंडून, याच झाडाखाली, याच महादेवबद्दल.

मी कलश खाली ठेवला.

"दाखव," मी अरुंधतीला म्हटलं.

"काय, आई?"

"त्यानं फांदी दाखवली होती. तू काय दाखवतं?"

आता पंचफुलाचं ऐका. चंपतची बायको, माझी थोरली सून. माझ्यामागून कलश तिचा, हे सगळ्यांना माहीत. तिनं मला हे पुढं वांगी चिरता चिरता सांगितलं, म्हणून इथं मांडते. अरुंधतीनं माझं मनगट धरलं तेव्हा पंचफुलाच्या डोक्यात आग गेली होती, पण माझ्यासाठी नव्हे. तिला वाटलं, आज हिनं आत्याबाईचा हात अडवला, उद्या माझा अडवीन. लग्न झाल्यापासून मी वाट पाहून राहिली, अन् माझी पाळी आली की ही म्हणीन, आता कलशच नको. धाकटीनं येऊन थोरलीच्या हातातला मान पुसून टाकायचा, याला काय म्हणावं? तिनं चंपतच्या कोपराला चिमटा काढला होता, आणखी जोरानं बोल म्हणून.

पण तिला दुसरंही काही माहीत होतं. बुंध्याजवळचं गवत तीच काढते. सालीतून डिंकाचे थेंब निघतात, ते तिनं पाहिले होते. मातीच्या भरीजवळ नाक नेलं की आंबट वास येतो, तोही घेतला होता. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

अरुंधती खुरपं शोधायला लागली, तेव्हा पंचफुलानंच आपलं पुढं केलं. मग पुन्हा मागं घेतलं.

"आण, तुले खुरपं धरता येत नाही वं. मुळी तोडशीन."

आणि ती स्वतःच बसली. माती बाजूला सारत गेली. हातभर भर निघाली तेव्हा डोळा बांधलेली जागा दिसली, जिथं जंबेरीचा खुंट संपतो आणि संत्रा सुरू होतो. ती जागा उघड्या हवेत असायची. ती मातीत गाडली गेली होती.

"खालचा खुंट त्यातल्या त्यात सोसतो," अरुंधती म्हणाली. "वरची साल नाही सोसत. वहिनी, जरा खरवडा."

पंचफुलानं नखानं खरवडलं. साल भिजल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. आतून तपकिरी, ओली. तो आंबट वास आता सगळ्यांच्या नाकात गेला.

"अगं माय," पंचफुला म्हणाली, "हे तं गोलंगोल आहे." बोट फिरवत ती बुंध्याला अर्धा वळसा घालून आली. कुजकी साल तिच्या बोटाबरोबर फिरली.

चंपतनं डोक्याचा रुमाल काढला. पण महादेवराव खुर्चीतून उठले नाहीत.

"साल कुजली, कबूल," ते म्हणाले. "पण झाड आधी कमजोर होतं, मग साल कुजते. उपाशी माणसाला खरूज होते, म्हणून खरजेनं माणूस उपाशी पडला असं म्हणाल का?"

आणि मला वाटलं, वा! वकील व्हायचा हा. विश्वनाथसुद्धा चपलेवरून नजर काढून काकाजींकडे पाहायला लागला. बाजू पुन्हा तिकडे झुकली.

अरुंधतीनं भांडण नाही केलं. पेटी उघडली.

आत पितळी नळीचं यंत्र होतं, खाली गोल आरसा. तिनं ते विहिरीच्या कठड्यावर ठेवलं, आरसा फिरवून ऊन पकडलं. मग पेटीच्या कोपऱ्यातून एक काचेची बशी काढली. तीत गढूळ पाणी आणि संत्र्याच्या पानाचे तुकडे.

"ही याच झाडाखालची माती," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात नेली होती. पाण्यात भिजवून वर पानाचे तुकडे सोडले. मातीत जे निजलेलं असतं ते पानाच्या वासानं येऊन कडेला धरतं. सकाळपासून बशी माठाशी गारठ्यात ठेवली होती. आता उन्हाची ऊब लागली की दिसेल."

"काय दिसन?" मी विचारलं.

"बुरशी."

"बुरशी मी लोणच्यावर रोज पाहते. तिच्यासाठी यंत्र काहून?"

"ही पोहते, आई."

सगळे हसले. मीही हसले. बुरशी पोहते! उद्या म्हणशील भाकर चालते.

"खरं म्हणजे," ती म्हणाली, आणि इथं ती पहिल्यांदा अडखळली, "हिला आम्ही बुरशी म्हणतो, पण ही बुरशी आहे का, यावरच वाद आहे. काही जण म्हणतात, ही शेवाळाच्या गोतातली. अजून ठरलेलं नाही."

"ठरलेलं नाही?" महादेवरावांनी तिथूनच विचारलं.

"नाही, काकाजी."

"बाप्पा!" मी म्हटलं. "आम्ही गोत कळल्याशिवाय सोयरीक करत नाही. तुम्ही तं त्याच्या नावानं बगीचा खोदायले निघाले."

ती लाजली नाही. म्हणाली, "गोत नंतरही ठरेल. करतं काय ते आत्ता दिसतं. पहा."

मी डोळा लावला. पहिल्यांदा मला जंगल दिसलं, काळ्या काड्यांचं.

"झाडं दिसून राहिली," मी म्हटलं.

"त्या तुमच्या पापण्या आहेत, आई. जरा मागं घ्या."

चंपत फिसकन हसला. मी त्याला नंतरसाठी लक्षात ठेवलं. जरा मागं झाले, आणि एक उजेडाचा गोळा समोर आला. त्यात पानाची कड, तिच्यावर बारीक धागे, आणि धाग्यांच्या टोकाला लिंबं.

मी तोंड वर केलं. "लिंबं आहेत."

"हो."

"लिंबं काहून आहेत?"

"त्यांचा आकारच तसा असतो. पहात राहा. डोळा हलवू नका."

लिंबाच्या गोतातल्या झाडाला मारणारं हे पोट भरून बसलं आहे, आणि त्यानं रूप घेतलं आहे लिंबाचं. टोकाला तसंच छोटं बोंड. कुणी घडवलं हे? एवढी नक्कल कुणासाठी? कुणाच्या डोळ्याला दिसत नाही तिथं कोण पाहणार होतं? मी देव मानणारी बाई आहे, रामटेकच्या पायऱ्या अनवाणी चढते. पण देव एवढ्या बारीक जागी बसून काम करतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मान अवघडली. ऊन पाठीवर आलं. मग एका लिंबाच्या आत काहीतरी हललं. पोटात लेकरू फिरतं ना, पहिल्यांदा, आपल्यालाच खरं वाटत नाही, तसं. त्याच्या टोकाचं तोंड उघडलं. आणि आतून एकामागून एक ठिपके बाहेर पडले. जरा घुटमळले. आणि निघाले पोहत. खरंच पोहत! वळत, आपटत, पुन्हा वळत, मेळ्यातून सुटलेल्या पोरांसारखे. एक इकडे, दोन तिकडे. रिकामं लिंबू तिथंच राहिलं, काचेच्या भांड्यासारखं.

"आत्याबाई? काय दिसून राहिलं?" पंचफुला विचारत होती.

एवढी साल मी त्या बुंध्याशी कलश टाकत आले. मी पाणी टाकत होते, माझ्या परीनं चांगलंच. पण त्या पाण्यात कुणाची जत्रा भरत होती, ते आज दिसत होतं. माझ्या डोक्यावरचं केवढं आभाळ, त्याची मला सवय झाली. पण माझ्या पायाखालच्या चिमूटभर मातीत हे एवढं चालतं, आणि मी त्याच्यावर पाय देऊन उभी असते?

"पाहा," एवढंच म्हटलं आणि बाजूला झाले.

पंचफुलानं पाहिलं आणि "अगं बाई, पिल्लं!" म्हणून ओरडली. चंपतनं पाहिलं आणि बराच वेळ उठलाच नाही. उठला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या भावजयीशी थेट बोलला. "अन् पाणी नसलं तं? तं हे कसे जाईन?"

"नाही जाऊ शकत, दादा. पोहायला पाणी लागतं. ओल बुंध्यापासून दूर ठेवली की इथवर पोचणंच अवघड."

चंपतनं मोटारीच्या खोलीकडे पाहिलं, मग उघड्या पडलेल्या बुंध्याकडे. "मंग आळे मोडा लागतात," तो म्हणाला. बाजू पलटली होती. आवाज न करता, कूस बदलावी तशी.

फक्त खुर्चीत एक माणूस राहिला होता.

महादेवरावांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी त्यांना शेंबडे असल्यापासून ओळखते. त्यांच्या डोळ्यांपुढे हे एक झाड नव्हतं. काटोलपासून कळमेश्वरापर्यंतची झाडं होती, त्यांच्या शब्दावर माती चढवलेली. माणसं त्यांच्या पाया पडलेली. जर पोरीच्या यंत्रात खरं असेल, तर त्या सगळ्या बुंध्यांशी ते स्वतः पाणी ओतत आले. आणि न पाहता खुर्चीत बसून राहिले, तर निदान कळणार तरी नाही.

मी त्यांच्याजवळ गेले. "भाऊजी," मी हळू म्हटलं, "बापूजी सकाळी एकटेच गेले होते. तुम्हाला सगळ्यांसमोर जावं लागून राहिलं. हे कठीण आहे, मले समजते."

ते उठले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, खिशात घातला. डोळा लावला. आरसा किंचित फिरवला, कुणी न सांगता. हात विसरले नव्हते.

केवढा वेळ गेला. एक बगळा विहिरीवर येऊन बसला आणि उडून गेला.

"थंडी काहून द्यावी लागते?" डोळा न काढता त्यांनी विचारलं.

"नक्की माहीत नाही, काकाजी. गारठा देऊन मग ऊब दिली की बाहेर पडतात, एवढं सगळ्यांना दिसलं आहे."

"म्हणजे आपल्याकडे आंबियाच्या पाण्यालाच. रात्री गारठा, दिवसा ऊन. वर भिजलेली माती." ते स्वतःशीच बोलत होते. "आणि मृगाच्या पाण्यात? तेव्हा गारठा कुठे असतो?"

"ते पाहायला हवं."

"पाहायला हवंच!" ते ताडकन वळले. त्यांच्या डोळ्याभोवती नळीचा गोल वळ उमटला होता. आणि तोंड, काय सांगू, तोंड फांदी मागणाऱ्या पोराचं होतं. "मोरचूद लावून पाहिलं?"

"मोरचूद आणि चुन्याचा लेप. कॉलेजच्या झाडांवर. बरा वाटतो, पण अजून थोडीच झाडं झालीत."

"थोडीच झाडं," ते म्हणाले. "मग माझं ऐका, सूनबाई. सगळा बगीचा तुमच्या पद्धतीनं नाही करायचा."

चंपतचं तोंड उतरलं. मला वाटलं, झालं, पुन्हा अडले.

"विहिरीकडची एक ओळ माझी राहील," महादेवराव म्हणाले. "भर तशीच, आळं तसंच, पाणी बुंध्यापर्यंत. नाहीतर कशानं काय झालं हे कळणार कसं? एका फांदीवरच औषध मारलं होतं म्हणून बापूजींना दिसलं. सगळ्या झाडावर मारलं असतं, तर म्हणाले असते बाहुलीनं झालं."

अरुंधतीनं ती ओळ नजरेनं टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाली, "पण काकाजी, विहिरीकडच्या ओळीत तर हे पहिलं झाड येतं."

खरंच येत होतं. नानाजींचं झाड, ओळीच्या टोकाला.

महादेवराव त्या झाडाकडे वळले. त्या उघड्या पडलेल्या, तपकिरी झालेल्या सालीवर त्यांनी तळहात ठेवला. ती हिरवी फांदी कुठं होती ते त्यांना माहीत होतं, मलाही. केव्हाच वठून गेली होती ती.

"हे माझ्या ओळीतून काढा," ते म्हणाले. "दादाचं झाड तुमच्या बाजूला घ्या."

मी पदर तोंडाला लावला, ऊन लागतं म्हणून.

मग एकच गलबला झाला. चंपतनं फावडी काढली. विश्वनाथनं चपला काढल्या, पहिल्यांदाच काही कामाच्या निमित्तानं. बुंध्याभोवतीची भर ओढून काढायची, डोळ्याची जागा मोकळी करायची, बुंध्याला सुका बांध घालायचा आणि पाण्याचं आळं त्याच्या बाहेर, पानांच्या सावलीच्या कडेला. महादेवराव काठीनं जमिनीवर गोल काढून दाखवत होते, आणि अरुंधती तो पुसून जरा मोठा करत होती, आणि दोघंही त्यावरून भांडत होते. लाईन जायच्या आत जेवढी झाडं झाली तेवढ्यांना पाणी द्यायचं ठरलं, बाकी उद्या. एका दिवसानं बहार रुसत नाही, असं महादेवराव म्हणाले. ते मात्र आम्ही न तपासता मान्य केलं.

पहिल्या झाडाचं आळं तयार झालं तेव्हा सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कलश अर्धाच राहिला होता. तो मी पंचफुलाला विहिरीतून भरून आणायला लावला. तिनं आणून माझ्या हातात दिला आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली, नजर खाली.

अरुंधतीही उभी होती. कोपरापर्यंत माती. आता मला काय ऐकायला मिळणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी बुंध्यापासून दूर, तिनं काढलेल्या गोलावर गेले. तिथं पाणी टाकलं. मातीनं ते गप्पकन पिऊन घेतलं. पलीकडून मोटारीचा आवाज सुरू झाला. मग मी रिकामा कलश हातात घेऊन तिच्याकडे वळले, सगळ्यांनी ऐकावं एवढ्या मोठ्यानं बोलले.

"आता आईक. झाडाचं तुझं बरोबर. हाताचं तुझं चूक. हात धरायच्या आधी पेटी उघडाची होती. मी अडाणी आहे, आंधळी नाही. कलश माह्यामागून पंचफुलाचाच राहीन, तो कोणी पुसणार नाही. पण पाणी कुठं पडन ते तू सांगशीन, अन् ती तिथंच टाकीन. अन् एक दिवस, तुझे केस पिकले असन, कोणी काल आलेली पोरगी सगळ्यांदेखत तुझं मनगट धरीन. तवा तिले लेकरू नको म्हणजो. तवा म्हणजो, दाखव."